कुणाकडून आलं?

आमच्या रेल्वेवाल्यांच्या घरात एक नियम आहे. नव्या गावी पहिले तीन महिने कुणी आजारी पडलं तरी घाबरायचं नाही. पाणी बदललंय, मानवायला वेळ लागणारच. भुसावळला माझ्या लेकीला फोड आले, बिलासपूरला तिचं पोट बिघडलं. दोन्ही वेळा मी डॉक्टरकडे धावले आणि दोन्ही वेळा सगळं आपोआप बरं झालं. नवऱ्याने मला 'घाबरट' ही पदवी देऊन टाकली. म्हणून कोलकात्याला बदली झाली, गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये सामान लावून होतंय न होतंय तोच आठ वर्षांची लेक मलूल दिसायला लागली, तेव्हा मी शहाण्यासारखी गप्प बसले. म्हटलं, तीन महिने जाऊ देत.

शहाण्यासारखी! आज लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

ती सारखी पाणी पीत होती. मे महिना, अंगावरचा कपडा दुपारपर्यंत पिळून काढावा असा घाम, कोण पाणी पिणार नाही? फ्रॉक सैल व्हायला लागले. म्हटलं, उंची वाढतेय. मग तिने अंथरूण ओलं करायला सुरुवात केली. नवी शाळा, नवी भाषा, मनातून भेदरली असेल, असं नवरा म्हणाला. मी कसली ऐकतेय! आठ वर्षांची घोडी झाली आणि गादी भिजवते म्हणजे काय? मी सरळ हुकूम काढला, संध्याकाळी सातनंतर पाणी बंद. सहा दिवस मी तो अंमलात आणला. ती म्हणायची, "आई, एकच घोट." मी म्हणायचे, "सकाळी."

आमच्याकडे कामाला बजबजच्या लोकलने एक बाई येतात. इथल्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना मासी म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या हिंदीत निम्मी बंगाली, माझ्या हिंदीत निम्मी मराठी, त्यामुळे आमचं छान जमतं. त्या आठवड्यात एका सकाळी त्या बाथरूम धुऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बौदी, उधर इतना पिंपडे क्यों आता है?" बौदी म्हणजे वहिनी, आणि पिंपडे म्हणजे मुंग्या. मला वाटलं, ही माझ्या टापटिपीवर बोट ठेवतेय. मी फणकाऱ्याने म्हटलं, "फिनाइल डालो."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात फतकल मारून बसल्या. झाडूला हात लावीनात. "आज काम नहीं करेगा. पहले मेये को डाक्तार दिखाओ." मेये म्हणजे मुलगी. त्यांच्या नवऱ्याला साखर होती आणि त्यांच्या घरीही ती लघवीला लागलेल्या मुंग्यांवरूनच कळली होती. मी म्हटलं, अहो, तो मोठ्या माणसांचा आजार, आठ वर्षांच्या पोरीला कुठून होणार? त्या जागच्या हलल्या नाहीत. "पिंपडे झूठ नहीं बोलता, बौदी." आता हिला दाखवतेच, अशा तावात मी लेकीला उठवायला गेले. ती उठेना. श्वास जोरजोरात, पोटापासून ओढल्यासारखा चाललेला आणि तोंडाला अती पिकलेल्या फळाचा वास. मी नुसत्या हाका मारत राहिले. मासींनीच तिला उचललं आणि त्या जिना उतरायला लागल्या.

हॉस्पिटलात तिच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं, तर मशीनवर आकडाच येईना, इतकी साखर. तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "आज आणलं नसतं तर..." आणि वाक्य सोडून दिलं. माझी मुलगी आज आहे ती एका बाईने काम बंद पाडलं म्हणून. हे मी कुणापुढेही सांगेन, देवापुढे तर रोज सांगते.

चौथ्या दिवशी लेक उठून बसली आणि डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला समोर बसवलं. साठीच्या बंगाली बाई, बारीक अंगाच्या, बोलायला रोखठोक. टाइप वन म्हणजे लहान मुलांचा मधुमेह, आयुष्यभर इन्सुलिन, हे त्यांनी सांगून झालं आणि मग विचारलं, "घरात कुणाला आहे?"

"माझ्या वडिलांना. पन्नाशीनंतर झालाय."

"तो वेगळा आजार. नाव तेवढं सारखं. लहानपणीच इन्सुलिनवर गेलेलं कुणी? लहानपणीच दगावलेलं कुणी?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नाही म्हणून मान हलवली.

इकडे फोनवर वेगळंच रण पेटलं होतं. सासूबाई सांगलीला, त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता, "आमच्याकडे नाही हो कुणाला असलं काही." माझी आई सोलापूरहून म्हणाली, "आमच्याकडे तर अजिबात नाही. त्यांचं काय, ते सांगतात थोडंच!" सासूबाईंना माझ्या वडिलांच्या गोळ्या आठवल्या, आईला सासऱ्यांचं पथ्य आठवलं. दोघी विहिणी उंटावरून शेळ्या हाकत होत्या आणि मधल्या मधे मी तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात इन्सुलिन भरायला शिकत होते. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांनी पत्रिका, गोत्र, देवक सगळं कसून तपासलं होतं. कुणाच्या घरात कोण कशाने गेलं, हे एकानेही विचारलं नव्हतं.

मी डॉक्टरांनाच विचारलं, कुणाकडून आलं? त्यांना तो प्रश्न नवा नव्हता. म्हणाल्या, "काही जनुकं असतात, ती म्हणजे घरातलं कोरडं सरपण समजा. बहुतेक वेळा थोडं तुमच्याकडून येतं, थोडं यांच्याकडून. पण नुसत्या सरपणाने आग लागत नाही, काडी पडावी लागते. काडी कुठून पडते ते आम्हाला अजून नक्की सांगता येत नाही. एखादा विषाणू असेल, आणखी काही असेल. असंच सरपण असलेली कितीतरी मुलं म्हातारी होईपर्यंत ठणठणीत राहतात. आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरात आधी कुणालाच नसतं." त्यात रसगुल्ल्यांचा काही दोष नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. सांगलीहून तीही एक शंका आली होती.

मग त्यांनी विचारलं, "हिचा धाकटा भाऊ किती वर्षांचा?"

चार. धाकटा चार वर्षांचा होता आणि त्या घडीपर्यंत तो माझ्या डोक्यातही आला नव्हता. त्या म्हणाल्या, सख्ख्या भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरी बहुतेक भावंडांना हा आजार होत नाही. पण या आजारात शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटतं आणि तसं उलटायला लागलं की रक्तात त्याच्या खुणा दिसतात, त्रास सुरू होण्याच्या कितीतरी आधी. एक रक्ताची तपासणी केली की कळेल.

"कळलं तर थांबवता येईल?" मी विचारलं.

"थांबवण्याचा खात्रीचा उपाय आज माझ्या हातात नाही. पण कळलं तर तो तुमच्या मुलीसारखा श्वास लागलेल्या अवस्थेत इथे येणार नाही."

मी म्हटलं, नको. हात दाखवून अवलक्षण कशाला? एका लेकराचं पोट दिवसातून चार वेळा टोचतेय, दुसऱ्याचं भविष्य मला आज ऐकायचं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, विचार करा. मी दर खेपेला पुढच्या खेपेवर ढकलत राहिले.

सात महिने ढकललं. आणि त्या सात महिन्यांत मी काय केलं? धाकट्याच्या पाण्याच्या बाटलीवर मार्करने रेघा मारल्या. तो संडासात गेला की मागोमाग जाऊन फरशी बघायची. तो झोपला की त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. मला कळून घ्यायचं नव्हतं आणि डोळाही हटत नव्हता. नवरा एकदा चिडून म्हणाला, "अगं, दिवसभर तपासतेसच की त्याला! मग एकदाच नीट तपास." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. खरं बोलला होता ना, म्हणून.

लेक मात्र माझ्यापेक्षा शूर निघाली. दोन महिन्यांत स्वतःचं इन्सुलिन स्वतः घ्यायला शिकली. लाजले ते मीच. इथल्या मराठी मंडळात हळदीकुंकवाला गेलो, कुणी तिच्या हातावर वडी ठेवली, तर मी पटकन म्हटलं, "तिला गोड आवडत नाही." झाकली मूठ! पुढे ती स्वतःच सगळीकडे सांगायला लागली, मला गोड आवडत नाही. बर्फी बघून जिचे डोळे चमकतात, ती पोरगी माझं खोटं पाठ करत होती, आणि ते मला दिसत असूनही मी गप्प होते.

जानेवारीत सासूबाई आल्या. हावड्याला आम्ही घ्यायला गेलो तर त्यांनी फलाटावरच नातीला कवटाळलं आणि किती वेळ सोडलंच नाही. पण घरी आल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लेकीने इंजेक्शनचं पेन हातात घेतलं की या उठून आत जायच्या. सकाळी तेच, दुपारी तेच. चार दिवस मी पाहिलं. पाचव्या दिवशी दुपारी गॅलरीत आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो, मुलं शाळेत होती. मी तोंड उघडलं.

"आई, तुम्ही उठून जाता ते तिला कळतं. किळस वाटत असली तर निदान तिच्यासमोर दाखवू नका."

मला वाटलं होतं, आता त्या उसळतील. सासूबाई म्हणजे काही गरीब गाय नव्हे. पण त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"किळस कसली गं," त्या म्हणाल्या. "माझ्या धाकट्या बहिणीला असंच झालं होतं."

त्यांना चार बहिणी हे मला माहीत होतं. पाचवी होती हे लग्नाला बारा वर्षं झाली तरी मी ऐकलं नव्हतं. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ती नऊ वर्षांची होती, सासूबाई बारा वर्षांच्या. पोरगी तांब्यावर तांबे पाणी प्यायची, वाळत चालली होती, अंथरूण भिजवायची. त्यांच्या आईने ठरवलं, दिवस मावळल्यावर पाणी बंद. आणि मडक्यापाशी राखण बसवली थोरल्या मुलीला.

"ती माझ्या पाया पडायची गं. म्हणायची, अक्का, जीभ ओली करण्यापुरतं दे. मी नाही दिलं. आईने सांगितलं होतं म्हणून नाही दिलं. पंधरा दिवसांत गेली."

वाळून गेली म्हणावं तर लोक क्षय म्हणतील, आणि क्षयाच्या घरातल्या पोरी कोण करून घेणार? म्हणून घरात ठरलं, हिवतापाने गेली. मग तिचा विषयच निघेनासा झाला. उरलेल्या सगळ्यांची लग्नं झाली. साठ वर्षं झाली. आणि गेल्या मे महिन्यात त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं, आई, ती सारखी पाणी पीत होती, वाळली होती, अंथरूण भिजवत होती.

"मला तिथल्या तिथे कळलं," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी म्हटलं, आमच्याकडे नाही कुणाला. तोंडातून निघूनच गेलं बघ. आता हे पोर. त्याला काही झालं तर ते माझ्याकडूनच आलं असेल."

मला संताप यायला हवा होता. सात महिने माझ्या वडिलांच्या नावाने खडे फोडले होते या बाईने. पण कुठल्या तोंडाने चिडणार? मीही पाणी बंद केलं होतं. सहा दिवस. बारा वर्षांची नव्हते मी, अडतीस वर्षांची, पदवीधर, हातात फोन असलेली बाई. मी तसं त्यांना सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं, कुणालाच मी सांगितलेलं नव्हतं. मग आम्ही दोघी त्या मटारांवर वाकून जी रडलो, ती मुलांची बस येईपर्यंत रडत होतो.

त्याच आठवड्यात मी धाकट्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. आपण सांगितलं नाही तर तपासणी चुकेल, असं त्यांनी मनात घेतलं होतं. केबिनमध्ये बसल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि साठ वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट मराठीत सांगितली. मी एकेक वाक्य हिंदीत करत गेले. डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तो हाच आजार असेल, नसेलही, आता खात्रीने सांगता येणार नाही. आणि असला तरी मुलाच्या आजीची बहीण हे नातं लांबचं. त्याने फारसा फरक पडत नाही. तपासणी करायची ती त्याच्या सख्ख्या बहिणीला आहे म्हणून.

फारसा फरक पडत नाही! एवढ्यासाठी एक आख्खी मुलगी घरातून पुसून टाकली होती. मला हसावं की रडावं कळेना.

सासूबाईंनी माझा हात धरला. "तिला विचार," त्या म्हणाल्या, "मी पाणी दिलं असतं तर?"

मी विचारलं. रोखठोक बोलणाऱ्या त्या डॉक्टर या वेळी टेबलावरून पुढे झुकल्या आणि सरळ सासूबाईंकडे बघून, सावकाश हिंदीत म्हणाल्या, "माँजी, पाणी दिलं असतं तर तिला जरा बरं वाटलं असतं. पण ती वाचली नसती. तिला इन्सुलिन लागणार होतं, आणि ते तुमच्या हातात नव्हतं. तुम्ही बारा वर्षांच्या होता." सासूबाईंना तेवढं हिंदी कळतं, तरी मी ते मराठीत पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "परत सांग." मी परत सांगितलं. त्या बाईंचे माझ्यावर काय कमी उपकार होते? पण त्या दिवशीचा हा उपकार मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण खोटी समजूत घालणं सोपं होतं आणि त्यांनी ते केलं नाही.

धाकट्याने रक्त देताना हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. दहा दिवसांनी निकाल येणार होता.

ते दहा दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. पण एक झालं, घरातली कुजबूज संपली. सासूबाईंनी स्वतः माझ्या आईला फोन लावला आणि सांगितलं, विहीणबाई, माझ्या माहेरी होतं. आई म्हणाली, "अहो, असू दे, दोन्हीकडचंच असतं." माझी आई इतकं शहाण्यासारखं क्वचित बोलते. मीही मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर सांगून टाकलं की लेकीला मधुमेह आहे, तिला गोड फार आवडतं, मोजून खाते. बायकांनी जरा वेळ हळहळ केली, एकीने ढीगभर उपाय सुचवले, आणि मग सगळ्या वाणातल्या डब्यांकडे वळल्या. कशाला घाबरले होते मी?

निकाल आला तो मंगळवारी दुपारी. डॉक्टरांनी स्वतः फोन केला. त्याच्या रक्तात कुठलीही खूण नव्हती. आत्ता तरी काही नाही, वर्षाने पुन्हा बघायचं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या मासींच्या गळ्यात पडले. त्यांनी साबणाचे हात हवेत धरले आणि "की होलो, बौदी, की होलो", काय झालं काय झालं करत राहिल्या. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

आणि मग घड्याळाकडे लक्ष गेलं. लेक चार वाजता शाळेतून येणार होती. तिला काय सांगायचं? भावाला नाही, तुला मात्र आहे. एकाच आईबापाची दोन मुलं, तेच सरपण, आणि जळलं ते तिच्या वाट्याचं. ती विचारणार, मग मीच का? मी उत्तरं जुळवत बसले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं आठवून पाहिलं, कोणतंच नऊ वर्षांच्या मुलीला देण्याजोगं वाटेना.

ती आली, दप्तर टाकलं, हात धुतले. पोळीच्या रोलपुरतं इन्सुलिन हिशेबाने पेनची चकती फिरवून लावलं. मी सांगून टाकलं. "त्या दिवशी रक्त घेतलं ना त्याचं? त्याला काही निघालं नाही."

"म्हणजे त्याला माझ्यासारखं नाहीये?"

"नाही. आत्ता तरी नाही."

तिने फ्रॉक वर केला, पोटाला सुई लावली, मनात दहापर्यंत मोजलं, सुई काढली.

"बरं झालं गं आई," ती म्हणाली. "त्याला टोचताना मला बघवलं नसतं."